पावलाचा ठसा न वितळता दगड कसा होतो?

शनिवारी पहाटे मिनियापोलिसच्या थिओडोर वर्थ पार्कात धावायला गेलो तेव्हा रात्रभर पडलेलं हिम घोट्यापर्यंत आलं होतं. तापमान उणे १२. पायवाटेवर अजून कुणाचंही पाऊल नाही. ताज्या हिमात नव्वद टक्क्यांहून जास्त हवाच असते आणि तिच्या पोकळ्यांत आवाज जिरतो, म्हणून सगळीकडे चिडीचूप. ऐकू येत होती ती फक्त बुटाखालची करकर. धावण्याचं याहून मोठं सुख मला माहीत नाही!

रविवारी त्याच वाटेवर माझ्याच ठशात पाय मुरगळता मुरगळता राहिला. ठसे दगडासारखे टणक, शेजारचं न तुडवलेलं हिम मात्र भुसभुशीत. सोबतचा मित्र म्हणाला, "अरे, वितळून परत गोठलं असेल." पावसाळ्यात बरणीतलं मीठ असंच धरतं: ओल शोषतं, थोडं विरघळतं, मग सुकून गठ्ठा होतो. पण इथे आदला दिवस पूर्ण ढगाळ होता आणि पारा उणे ८ च्या वर चढलाच नव्हता. वितळणार काय?

उणे ८ हा आपल्याला गारठा. बर्फ मात्र तेव्हाही चांगलाच 'तापलेला' असतो. निरपेक्ष मापावर बर्फ २७३ केल्विनला वितळतो आणि उणे ८ म्हणजे २६५ केल्विन, सुमारे ९७ टक्के. लोखंडाला वितळणबिंदूच्या इतकं जवळ न्यायचं तर १४८५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवावं लागेल. एवढ्या 'गरम' पदार्थाचे रेणू स्वस्थ बसत नाहीत.

ते जातात कुठे? कणाच्या टोकदार भागावरच्या रेणूला धरून ठेवणारे शेजारी कमी, म्हणून तो सहज वाफ होऊन सुटतो. दोन कण टेकतात तिथली खाच उलट आत वळलेली. तिथे शेजारी जास्त, पकड घट्ट. म्हणजे टोकावर बाष्पदाब किंचित जास्त, खाचेत किंचित कमी. हा हिशेब लॉर्ड केल्विनने १८७१ मध्ये मांडला. वक्रतेची त्रिज्या निम्मी झाली की फरक साधारण दुप्पट होतो, त्यामुळे कण जितका बारीक तितकी घाई जास्त. वाफ टोकाकडून खाचेकडे सरकते, तिथे जमते आणि दोन कणांमध्ये बर्फाची मान तयार होऊन जाड होत जाते. द्रवाची गरजच नाही. याला सिंटरिंग म्हणतात. जुन्या बल्बमधल्या तारेसाठी टंगस्टनची भुकटी याच युक्तीने, न वितळवता, सांधली जायची.

आता बुटाचं काम लक्षात येईल. पाऊल पडलं की नाजूक फाटे मोडतात, कण बारीक होतात आणि एकमेकांना असंख्य ठिकाणी टेकतात. माना धरायला जागाच जागा! ती करकर म्हणजेही बऱ्याच अंशी आधीच्या माना मोडल्याचा आणि कण एकमेकांवर घासल्याचा आवाज. शून्याजवळ कणांवर ओलसर थर येतो आणि हा आवाज मंदावतो.

हिमाचा विषय निघाला की व्हॉट्सॲपवर एक फॉरवर्ड हमखास येतो: पाण्याशी प्रेमाने बोला, स्फटिक सुंदर होतात. प्रत्यक्षात जपानी भौतिकशास्त्रज्ञ उकिचिरो नाकाया यांनी १९३६ मध्ये होक्काइडोच्या प्रयोगशाळेत सशाच्या केसावर हिमस्फटिक वाढवला. आकार ठरतो तापमान आणि बाष्पावर: उणे ५ च्या आसपास सुया, उणे १५ ला फाटे फुटलेल्या चांदण्या. सशाच्या केसाशी गोड बोलावं लागलं नाही.

स्की-उतारांवर हिम दाबणारं यंत्र रात्री फिरवतात त्याचं हेही एक कारण. दाबलेलं हिम सकाळपर्यंत धरतं. सोमवारी मी माझ्या ठशांपासून हातभर बाजूने धावलो.