तेहतीस टक्के आणि तीन सह्या

गारपीट झाली की बांधावर तिघे जण येतात: पटवारी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक. कागदोपत्री पहिल्याचं नाव तलाठी, अलीकडे तर ग्राम महसूल अधिकारी. विदर्भात मात्र तो पटवारीच, आणि त्यांची संघटनासुद्धा विदर्भ पटवारी संघच. तिघांचे साहेब वेगवेगळे. एकाचा तहसीलदार, दुसऱ्याचा गटविकास अधिकारी (बीडीओ), तिसऱ्याचा तालुका कृषी अधिकारी. म्हणून तर संयुक्त पंचनाम्यावर तिघांच्याही सह्या घेतात.

पूर्वी पन्नास टक्के नुकसान असेल तरच मदत मिळायची. २०१५ पासून ही अट तेहतीसवर आली. म्हणजे तीस लिहिलं तर शेतकऱ्याच्या हाती काहीच नाही, पस्तीस लिहिलं तर खात्यात पैसे. तूर आडवी पडलेली असते, तिघे धुऱ्यावर उभे असतात आणि तेवढ्यात पुढाऱ्याचा फोन वाजतो. "भाऊ, आपल्या माणसाचं पस्तीस करून टाका." शेजारचं वावर विरोधी गटातल्या माणसाचं असेल तर सूर उलटा. अशा फोनला 'नाही' म्हणायची सोय कोणाला असते? कर्मचारी संघटनांच्या इतिहासाकडे मी याच बाजूने बघतो. सह्या विकणारेही असतात आणि लाचेच्या सापळ्याच्या बातम्या आपण रोज वाचतो, पण ती गोष्ट निराळी.

महाराष्ट्रात या इतिहासाची सुरुवात बहुतेक जण १९७७ च्या डिसेंबरपासून धरतात. केंद्राच्या दराने महागाई भत्ता मिळावा म्हणून र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखाली राज्य कर्मचारी संपावर गेले, ते तब्बल ५४ दिवस. मागणी सरळसरळ पोटाची होती. पण मुंबईच्या मंत्रालयातला कारकून आणि खेड्यातला कर्मचारी एकाच लढ्यात उभे राहू शकतात, हे त्यातून दिसलं. त्याआधी १९६२ मध्ये जिल्हा परिषदा सुरू झाल्या होत्या. ज्या समितीच्या अहवालावरून त्या आल्या, तिचे अध्यक्ष आपल्या पुसदचे वसंतराव नाईक. तेव्हापासून खेड्यातला गुरुजी आणि ग्रामसेवक दोन धन्यांचे चाकर झाले: पगाराचा पैसा राज्याचा, कारभारी मात्र गावातूनच निवडून आलेले.

कायद्याने संघटनांना फार मोकळीक दिलेली नाही. १९६२ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने कामेश्वर प्रसाद खटल्यात सांगितलं की शांततेने निदर्शनं करणं हा सरकारी नोकराचाही हक्क आहे, संप हा मात्र मूलभूत हक्क नाही. २००३ मध्ये तामिळनाडूच्या प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेलं: संपाचा कायदेशीर हक्क नाही, नैतिकही नाही. काळ्या फिती, लेखणी बंद, सामूहिक रजा या सगळ्या तऱ्हा याच अडचणीतून आल्या. आणि डिसेंबरातला नागपूरचा मोर्चाही. १९५३ च्या नागपूर करारात वर्षातून एक अधिवेशन नागपुरात घ्यायचं ठरलं. म्हणून सरकार वर्षातून एकदा तरी आपल्याकडे येतं, आणि यशवंत स्टेडियमकडे माणसं निघतात.

पैशापेक्षा जास्त धाक बदलीचा. तो कमी करायला राज्याने २००५ चा बदल्यांचा कायदा केला आणि तो १ जुलै २००६ पासून लागू झाला. साधारण तीन वर्षं एका जागी, आणि मुदतीआधी हलवायचं तर कारण लेखी नोंदवायचं. पळवाटा त्यातही निघाल्या. पण चुकीच्या बदलीविरुद्ध 'मॅट'च्या, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या, नागपूर खंडपीठात उभं राहायला कायद्याचा आधार तरी मिळाला. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टी. एस. आर. सुब्रमणियन खटल्यात बजावलं की तोंडी हुकमांवर कारभार चालवू नये, ते नोंदवले जावेत. बांधावरचा तो फोन तोंडीच असतो, हे इथे आठवावं. जाता जाता एक खंत: शिक्षा म्हणून जिथे पाठवतात ते गडचिरोली आणि मेळघाट आपलेच. शिक्षा कर्मचाऱ्याला, भोगतात मात्र तिथली माणसं.

१ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नाकारली गेली. एकाच शाळेत, एकाच खोलीत शिकवणाऱ्या दोन गुरुजींचं म्हातारपण त्या तारखेने वेगळं केलं. 'एकच मिशन, जुनी पेन्शन' ही घोषणा त्यातूनच आली, आणि १४ मार्च २०२३ ला संप सुरू झाला. त्याच सुमारास अवकाळी पाऊस आणि गारा. गहू-हरभरा झोपला आणि पंचनामे करणारे संपावर. शेतकरी चिडला, आणि त्याचं काही चुकलंही नाही. पारावर एकच सवाल: "आमाले कोन देते पेन्शन?" संघटनांना या सवालाचं उत्तर आजवर नीट देता आलेलं नाही, असं माझं मत. २० मार्चला आश्वासनावर संप मागे घेतला गेला.

त्याच वर्षी ६ सप्टेंबरला बाहेरच्या एजन्सींमार्फत कंत्राटी मनुष्यबळ घेण्याचा शासन निर्णय निघाला. त्याविरुद्ध कर्मचाऱ्यांबरोबर स्पर्धा परीक्षेची पोरंही उतरली, आणि ऑक्टोबरात सरकारला तो रद्द करावा लागला. दर काही महिन्यांनी मुदतवाढीसाठी ज्याला कोणाच्या तरी दारात उभं राहावं लागतं, तो तिसाचे पस्तीस करायला किती वेळ नाही म्हणेल?

तलाठी भरतीही त्याच वर्षीची. जागा साडेचार हजारांच्या घरात, अर्ज दहा लाखांहून जास्त, खुल्या वर्गाची फी १,००० रुपये. तालुक्याच्या अभ्यासिकेत रात्री अकरापर्यंत बसणारी ही पोरं बहुतेक त्याच पारावरच्या घरांतली. पेन्शनवरून ज्याचं डोकं फिरतं, त्याच बापाने सोयाबीनच्या पैशातून ती फी भरलेली असते.