दुसरी टाकी (जुन्या पिकअपमधील)

जुन्या पिकअप गाडीला कंपनीच्या मूळ टाकीशिवाय आणखी एक इंधनटाकी बसवण्याची पद्धत. बोलीत हिला ‘डबल टाकी’ म्हणतात. वरवर पाहता काम दोन पट्ट्यांचे आणि चार बोल्टांचे वाटते. पण टाकी म्हणजे नुसते भांडे नव्हे. इंजिनाकडे जाणारी वाट, इंजिनाकडून परत येणारी वाट, हवेच्या ये-जा करण्याची वाट आणि आत किती उरले ते सांगणारा काटा, या चारही गोष्टी दुसऱ्या टाकीला मिळाल्या तरच ती टाकी. त्यांतली परतीची वाट सर्वांत सहज विसरली जाते आणि ती विसरल्यावर होणारे नुकसान सर्वांत मोठे असते. म्हणून या नोंदीत तिला जास्त जागा दिली आहे. उदाहरणे सोलापूर भागातली आहेत.

महिंद्राने १९४० च्या दशकाच्या अखेरीस विलिस जीपची जुळणी भारतात सुरू केली. पुढे जीपच्याच सांगाड्यावर हौदा बसवलेल्या गाड्या आणि बसक्या नाकाच्या ‘फॉरवर्ड कंट्रोल’ पिकअप आल्या. १९८८ मध्ये टाटामोबाइल आली आणि त्याच घराण्यातली २०७ गावोगाव पोचली. या गाड्यांना कारखान्यातून एकच टाकी मिळे. सीजे-३बी जीपमध्ये तर ती चालकाच्या आसनाखालीच असे. अमेरिकेत फोर्ड आणि शेव्हर्ले यांच्या पिकअपना दुसरी टाकी कारखान्यातूनच मागवता येई. तिकडे १९७२ पर्यंतच्या बऱ्याच गाड्यांत मूळ टाकी केबिनमध्ये, आसनाच्या मागे असे. १९७३ पासून ती खाली गेली, पण जनरल मोटर्सने ती चेसिसच्या लांबदांड्यांच्या बाहेरच्या बाजूला टांगली. बाजूने धडक बसली की टाकी फुटून आग लागते, असे आरोप झाले, खटले झाले आणि अखेर १९९४ मध्ये कंपनीने सरकारशी तडजोड केली. या इतिहासातून सोलापूरच्या मिस्त्रीने घ्यायचा धडा एकच आहे: टाकी चेसिसच्या दोन दांड्यांच्या आत बसवावी. बाहेर मोकळी जागा दिसते, काम लवकर उरकते, तरीही आतच.

सोलापूर हे रस्त्यांच्या फाट्यावरचे शहर. पुणे-हैदराबाद महामार्ग ६५ इथून जातो, धुळ्याकडून येऊन विजयपूरकडे जाणारा महामार्ग ५२ इथे त्याला छेदतो, आणि मंगळवेढा-सांगोल्याकडून मिरज-कोल्हापूरची वाट येऊन मिळते. पुणे सुमारे २५० किलोमीटर, विजयपूर सुमारे १००, हैदराबाद ३०० च्या पुढे. रात्री पंप बंद असायचे त्या काळात सांगोल्याचे डाळिंब किंवा नान्नजची द्राक्षे घेऊन निघालेल्या गाडीला दुसऱ्या टाकीचा मोठा आधार होता. आता महामार्गावर पंपांची कमतरता नाही. तरीही मागणी टिकून आहे. विजयपूर रस्त्याने भीमा ओलांडली की कर्नाटक लागते आणि तिकडे डिझेल बहुतेक वेळा स्वस्त असते, हे एक कारण. शेतावरच्या इंजिनासाठी कॅनमधून डिझेल नेण्यापेक्षा गाडीच्या पोटात नेणे बरे, हे दुसरे. जुनी गाडी हौसेने सांभाळून लांबच्या फेरीला काढणारे हा तिसरा वर्ग, आणि खरी काळजी घेणारा बहुधा हाच. बाजार समिती ते होटगी रस्ता एवढीच ज्याची धाव आहे, त्याने मात्र या भानगडीत पडू नये. त्याच्या वाट्याला फक्त वजन येते. ६० लिटर डिझेलचे सुमारे ५० किलो, त्यावर टाकी, पट्ट्या आणि नळ्या.

हे वजन कुठे बसते यावर पुढचे बरेच ठरते. सर्वांत चांगली जागा म्हणजे हौद्याखाली, मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे, सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूला. जॉइंट शाफ्ट (इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे नेणारा दांडा) फिरतो आणि पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) दबले की अ‍ॅक्सल वर येतो, म्हणून माप रिकाम्या गाडीवर घेऊ नये. हौद्यात वाळूची पोती टाकून पाटे पूर्ण बसू द्यावेत, मग हात घालून पाहावे. रिकाम्या गाडीत चार बोटे दिसणारी जागा भरल्या गाडीत एक बोटही उरत नाही. स्टेपनीच्या जागी टाकी बसवणे सोपे पडते, पण तिथे ती अ‍ॅक्सलच्या मागे लटकते, पुढचा भाग हलका होतो आणि मागून बसणारी धडक थेट टाकीवर येते. केबिनमध्ये टाकी कधीच नको.

दुसरी टाकी इंजिनाशी जोडण्याच्या तीन रीती आहेत. पहिली, दोन्ही टाक्यांचे तळ एका नळीने जोडणे. ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत वाईट. ती नळी गाडीच्या सर्वांत खालच्या भागात येते, बांधावरच्या एका दगडाने फाटते आणि दोन्ही टाक्या एकदम रिकाम्या होतात. दुसरी रीत कॉकची (इंधनाची वाट बदलणाऱ्या तोटीची): हाताने किंवा बटणाने या टाकीवरून त्या टाकीवर जायचे. तिसरी रीत उपशाची. यात इंजिनाची मूळ जोडणी अजिबात हलवायची नाही. दुसऱ्या टाकीतले इंधन लहान १२ व्होल्ट पंपाने पहिल्या टाकीत सोडायचे.

परतीची वाट : जुन्या पेट्रोल गाडीत कार्बोरेटर असतो आणि बहुतेक ठिकाणी परतीची नळी नसतेच. तिथे तीन तोंडांचा साधा कॉक पुरतो. डिझेलचे तसे नाही. फीड पंप इंजिन जाळते त्यापेक्षा जास्त डिझेल पुढे ढकलतो. जास्तीचे डिझेल आणि इंजेक्टरमधून (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागातून) पाझरलेले डिझेल परतीच्या नळीने टाकीत येते. आता समजा, फक्त जाणारी नळी कॉकवर घेतली आणि परतीची पहिल्या टाकीलाच ठेवली. चालकाने दोन्ही टाक्या फुल्ल केल्या आणि कॉक दुसऱ्या टाकीवर फिरवला. इंजिन दुसऱ्या टाकीतून ओढते आणि उरलेले पहिल्या टाकीत टाकते. पहिलीत जागाच नाही. तासाला १५ लिटर परत येत असेल, तर सोलापुरातून पुण्याकडे निघालेली गाडी मोहोळ ओलांडून थोडी पुढे जाईपर्यंत १५ लिटर डिझेल झाकणातून किंवा हवेच्या नळीतून रस्त्यावर गेलेले असते.

चालकाला आधी वास येतो. मग तो उतरून पाहतो तेव्हा टाकीच्या एका अंगाला रस्त्याची धूळ काळी होऊन चिकटलेली असते, मागच्या टायरची आतली बाजू ओली असते. मागून येणाऱ्या दुचाकीस्वारासाठी ते डिझेल जीवघेणे आहे; डांबरावर डिझेलचा पट्टा पडला की वळणावर दुचाकी हमखास घसरते. या कामातल्या निष्काळजीपणाची किंमत अशी दुसऱ्यालाच मोजावी लागते.

उपाय अवघड नाही. डिझेल गाडीला सहा तोंडांचा कॉक लावायचा. त्यात दोन टाक्यांतून येणाऱ्या दोन वाटा एकीत मिळतात आणि इंजिनाकडून परतणारी एक वाट दोहोंत फुटते. बटण दाबले की दोन्ही एकदम बदलतात. ज्या टाकीतून घेतले त्याच टाकीत परत. वीजेवर चालणारे असे कॉक मिळतात. तो न मिळाल्यास तीन तोंडांचे दोन कॉक एकाच दांड्याने फिरवता येतात, पण दांडा एकच हवा. दोन स्वतंत्र मुठी ठेवल्या की एखाद्या रात्री एक फिरवायची राहतेच.

जुन्या डिझेल पिकअपसाठी तिसरी, उपशाची रीतच पसंत करावी. कॉक फिरवायला उशीर झाला तर रिकाम्या टाकीतून हवा ओढली जाते, इंजिन ‘हवा धरते’ आणि बंद पडते. मग फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, हातपंप मारत राहायचे, आधी फेस, मग बुडबुडे, मग अखंड धार आली की स्क्रू आवळायचा. भर उन्हात वाहतुकीच्या कडेला हे काम कुणावर येऊ नये. उपशाच्या रीतीत इंजिन नेहमी पहिल्या टाकीतूनच पिते, त्यामुळे दुसरी कोरडी पडली तरी गाडी चालत राहते. तीन गोष्टी मात्र हव्यात. पंपाला फ्यूज. पंप चालू असल्याचा लाल दिवा चालकाच्या समोर, कारण विसरलेला पंप पहिली टाकी उतू घालतो. आणि नळीत एक बंद करायचा कॉक, कारण दुसरी टाकी उंचावर असेल तर पंप थांबल्यावरही इंधन आपोआप वाहत राहते.

हवा आणि ऊन : इंधन बाहेर जाते तेवढी हवा आत यावी लागते, नाहीतर टाकीत पोकळी होऊन पत्रा आत दबतो आणि पंप ओढत नाही. उन्हाळ्यात उलटे होते. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या आसपास सहज जातो. पंपाच्या जमिनीखालच्या साठ्यातून आलेले गार डिझेल सकाळी काठोकाठ भरले, दुपारी गाडी उन्हात उभी राहिली, तर ६० लिटरमागे २० अंशांच्या वाढीला सुमारे एक लिटर फुगते. म्हणून टाकीची भरायची नळी अशी बसवावी की वर थोडी मोकळी जागा राहीलच. हवेची नळी टाकीच्या माथ्यावरून निघून तोंडाइतकी उंच न्यावी, वळवून खाली सोडावी आणि गाडी उलटली तर बंद होणारी झडप तिला लावावी. डिझेल पेटत नाही असा समज गॅरेजमध्ये फार आहे. भारतीय मानकानुसार डिझेलचा ज्वलनांक (ठिणगीने पेटेल एवढी वाफ ज्या तापमानाला सुटू लागते ते) किमान ३५ अंश असावा लागतो. म्हणजे सोलापूरच्या मे महिन्यात टाकीतले डिझेलही पेट घेऊ शकणारी वाफ देत असते.

टाकी नवीन बनवावी किंवा दुसऱ्या गाडीची चांगली टाकी घ्यावी. जुनी टाकी घेतली तर तिच्यावर थेट वेल्डिंग करू नये. रिकामी दिसणारी पेट्रोलची टाकी भरलेलीपेक्षा धोकादायक असते, कारण हवेत दीड टक्क्याच्या आसपास वाफ असली तरी स्फोट होतो. ती नीट वाफवून, धुऊन, पाणी भरून मगच जाणकाराने हात लावावा. नवीन टाकीत आडवे पडदे हवेत, नाहीतर ब्रेक मारला की अर्धी टाकी पुढे आदळते. डिझेलसाठी जस्ताचा मुलामा असलेला पत्रा किंवा नळी वापरू नये. जस्त डिझेलमध्ये उतरते आणि फिल्टर, इंजेक्टर तुंबवते. गळती तपासताना कॉम्प्रेसरची हवा सोडण्याचा मोह आवरावा. केवळ ०.३ बार दाबालाही ३० बाय ६० सेंटिमीटरच्या पत्र्यावर सुमारे साडेपाचशे किलोचा जोर येतो. सायकलचा पंप आणि साबणाचे पाणी पुरते. बुडबुडा दिसला तिथे खडूने खूण करायची. बसवताना पट्टी आणि टाकी यांच्यामध्ये रबर घालावे. जुन्या ट्यूबची पट्टी बरेच जण घालतात, ती चालते, पण दर वर्षी सोडून पाहावी, कारण तिच्याखाली पाणी साचून गंज धरतो. तोंडापासून टाकीपर्यंतची नळी रबरी असेल तर धातूच्या तोंडापासून चेसिसपर्यंत एक तार जोडावी, म्हणजे भरताना साठणारी स्थिर वीज उतरते.

काट्याच्या बाबतीत एवढेच, की दुसऱ्या टाकीतला फ्लोट (इंधनाबरोबर वर-खाली होणारा तरंगा) मूळ काट्याच्या ओहमशी, म्हणजे विजेच्या रोधाशी, जुळणारा असावा. न जुळल्यास काटा अर्ध्या टाकीला पाऊण दाखवतो.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातला तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये या कलमाचा काटेकोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. टाकीने गाडीचे रिकामे वजन बदलते, आणि ते नोंदणी पुस्तकात लिहिलेले असते. म्हणून काम सुरू करण्याआधी प्रादेशिक परिवहन कार्यालयात लेखी विचारावे आणि विमा कंपनीलाही कळवावे. ‘पासिंगच्या दिवशी काढू, नंतर लावू’ हा मार्ग काही जण धरतात. तो कायद्याने चूक आहेच, शिवाय दर वेळी उघडलेला प्रत्येक सांधा पुढे गळतो. ५० वर्षांहून जुन्या खासगी गाडीला २०२१ पासून ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते आणि तिच्या क्रमांकात ‘व्हीए’ अक्षरे येतात. पण त्या नोंदणीत गाडी मूळ रूपात असणे अपेक्षित आहे, म्हणून तशी नोंदणी हवी असणाऱ्याने दुसऱ्या टाकीचा विचार सोडून मूळ टाकीच दुरुस्त करावी. मूळ टाकी निरोगी असलेली जुनी जीप पाहण्याचा आनंद काही वेगळाच असतो.

देखभालीत मुख्य गोष्ट म्हणजे दुसरी टाकी पडून राहू न देणे. अर्धी रिकामी टाकी महिनोन्‌महिने उभी राहिली की वरच्या पत्र्यावर ओल धरते आणि पाणी तळाशी जाते. पेट्रोल गाडीत आता हे जास्त जपावे लागते. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते ओल शोषते, ओल वाढली की पाण्यासह वेगळे होऊन खाली बसते, आणि जुन्या धाटणीच्या रबरी नळ्या मऊ पाडते. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्याच घ्याव्यात. महिन्यातून एकदा दुसऱ्या टाकीतले इंधन वापरून गाडी चालवावी. पावसाळा संपला की तळाचा ड्रेन बोल्ट सैल करून पहिले अर्धा लिटर काचेच्या बरणीत घ्यावे आणि दहा मिनिटे ठेवावे. खाली पाण्याचा थर दिसला, तर नुसते स्वच्छ इंधन येईपर्यंत आणखी सोडावे.