तेवीस मीटरवरची भिंत

नववीच्या विज्ञानात प्रतिध्वनीचं एक गणित असतं. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४४ मीटर, ऐकलेल्या आवाजाचा ठसा डोक्यात राहतो ०.१ सेकंद, म्हणजे प्रतिध्वनी वेगळा ऐकू यायला भिंत किमान १७.२ मीटर लांब हवी. गणित सुटलं की गुण मिळायचे आणि विषय तिथेच संपायचा.

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, मेम्फिस शहरात, ७०६ युनियन अ‍ॅव्हेन्यू या पत्त्यावर एक खोली आहे. रुंदी साधारण १८ फूट, लांबी तीस-बत्तीस फूट. मीटरमध्ये सांगायचं तर सगळ्यात लांबची भिंतसुद्धा दहाच्या आतच. १९५० च्या दशकाच्या मध्यावर या खोलीत एल्व्हिस प्रेस्ली, कार्ल पर्किन्स, जॉनी कॅश गाऊन गेले. तिथे तयार झालेल्या कित्येक तबकड्यांवर गाण्याच्या शब्दाला त्याची सावली चिकटलेली ऐकू येते. एकदाच येते, ठसठशीत येते आणि लगेच नाहीशी होते. ही सावली मूळ आवाजाच्या मागून सुमारे ०.१३ सेकंदाने येते. पुस्तकातलं गणित उलटं सोडवलं तर भिंत २३ मीटरवर हवी. एवढी जागा त्या खोलीतच काय, तिच्या शेजारच्या दुकानात घुसूनही मिळाली नसती.

ती भिंत टेपवर होती, आणि तिची खरी लांबी होती दोन इंच.

कॅसेटच्या जमान्यात कापसाला स्पिरिट लावून टेपरेकॉर्डरचं हेड ज्यांनी पुसलंय त्यांना हे चटकन कळेल. घरच्या साध्या यंत्रात आवाज टिपणारं आणि वाजवणारं हेड एकच असायचं. स्टुडिओतल्या यंत्रात मात्र तीन हेड ओळीने बसवलेली असतात. पहिलं जुना आवाज खोडतं, दुसरं नवा लिहितं, तिसरं लिहिलेलं वाचतं. टेप या तिघांवरून एकामागोमाग सरकत जाते. आता जो आवाज दुसऱ्या हेडने लिहिला तो तिसऱ्यापाशी पोचायला थोडा वेळ लागणारच. टेपचा वेग सेकंदाला १५ इंच आणि दोन हेडमधलं अंतर साधारण दोन इंच असेल, तर दोन भागिले पंधरा, ०.१३३ सेकंद. झालं गणित.

स्टुडिओचा मालक सॅम फिलिप्स हा मूळचा रेडिओचा तंत्रज्ञ. जानेवारी १९५० मध्ये त्याने ‘मेम्फिस रेकॉर्डिंग सर्व्हिस’ उघडली. लग्न असो, भाषण असो, जे काम येईल ते ध्वनिमुद्रित करून द्यायचं, असा धंदा. ‘सन रेकॉर्ड्स’ ही त्याची स्वतःची कंपनी १९५२ पासूनची. १९५४ च्या सुमारास त्याच्याकडे अ‍ॅम्पेक्स कंपनीची ३५० मॉडेलची दोन टेपयंत्रं आली. एकावर गाणं मुद्रित व्हायचं. माइकमधून आलेला तोच आवाज तो दुसऱ्या यंत्रालाही द्यायचा. दुसरं यंत्र तो लिहून लगेच वाचायचं आणि ही ०.१३ सेकंदाने मागे पडलेली नक्कल पुन्हा मिक्सरवर आणून मूळ आवाजात हलकीशी मिसळली जायची. थप्पड मारावी तशी परत येते म्हणून तिला ‘स्लॅपबॅक’ म्हणू लागले.

टेपच्या उशिराचा खेळ फिलिप्सने शोधला असं नाही. लेस पॉल हा गिटारवादक त्याच्या आधीपासून तो करत होता. टेप हीच मुळात नवी चीज. १९३० च्या दशकात जर्मनीत ती घडली, युद्धानंतर जॅक मलिन नावाच्या अमेरिकी तंत्रज्ञाने तिथून दोन यंत्रं मायदेशी नेली आणि अ‍ॅम्पेक्सचं पहिलं यंत्र १९४८ मध्ये बाजारात आलं. फिलिप्सचं श्रेय माझ्या मते वेगळ्याच ठिकाणी आहे. त्याने सावली एकदाच येऊ दिली. ती नक्कल पुन्हा दुसऱ्या यंत्रात सोडली असती तर सावलीची सावली, तिचीही सावली, अशी रांग लागली असती. मांडवातला निवेदक ‘हॅलो’ म्हणाला की त्याचं ‘लो... लो... लो...’ होत विरत जातं ना, ते ही वाट उघडी ठेवल्यामुळे. फिलिप्सने ती बंद ठेवली.

आता कानाकडे वळू. पुस्तकातला ०.१ सेकंद हा सोयीचा आकडा आहे. कान तसं एकच कुंपण पाळत नाही. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ मध्ये बोलण्याच्या आवाजावर याचे प्रयोग केले. मूळ आवाजापाठोपाठ ३० मिलिसेकंदांच्या आत तोच आवाज पुन्हा आला तर आपल्याला दोन आवाज ऐकूच येत नाहीत. एकच, जरा भरदार आवाज ऐकू येतो. चुटकीसारखा कोरडा आवाज असेल तर ही मर्यादा दहा मिलिसेकंदांच्याही खाली येते, संथ सुरावटीत ती बरीच वाढते. १३३ मिलिसेकंद हे या सगळ्यांच्या पलीकडचं, पण फार पलीकडचं नाही. गाण्यातलं एखादं अक्षर त्याहून थोडं जास्तच वेळ टिकतं. त्यामुळे सावली पोचते तेव्हा गायक त्याच अक्षराच्या स्वरावर असतो. स्वर स्वरात मिसळून आवाज जाड होतो; व्यंजन मात्र ‘ट’, ‘क’, ‘ब’ असं टोक घेऊन दुसऱ्यांदा वाजतं. एकाच गळ्यातून एकाच वेळी धूसर आणि धारदार असं दोन्ही! प्रेस्ली ‘बेबी’मधल्या ‘ब’वर मुद्दाम उचकी दिल्यासारखा अडखळतो तेव्हा तर त्याची आणि टेपची जुगलबंदीच चालते.

या खोलीतल्या गाजलेल्या सत्राची तारीख ५ जुलै १९५४. एल्व्हिस एकोणीस वर्षांचा. सोबत स्कॉटी मूर इलेक्ट्रिक गिटारवर, बिल ब्लॅक माणसाएवढ्या उंच डबल बासवर. ढोलवाला नाही. संथ गाणी गाऊन झाली, काही जमेना. मधल्या सुट्टीत एल्व्हिसने आर्थर क्रुडप या कृष्णवर्णीय गायकाचं १९४६ मधलं ‘दॅट्स ऑल राइट’ गंमत म्हणून उड्या मारत सुरू केलं. इतर दोघं त्यात घुसले आणि फिलिप्सने कंट्रोल रूममधून डोकं बाहेर काढून विचारलं, हे काय चाललंय? पुन्हा करा. दोन मिनिटांपेक्षाही छोटं गाणं. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. क्रुडपला मात्र त्याच्या गाण्यांचे हक्काचे पैसे नीट कधीच मिळाले नाहीत, हे या गोष्टीच्या उत्सवी आवृत्त्यांतून सोयीस्करपणे गळतं.

ढोल नाही, मग ठेका कुठून आला? बासच्या तारा बोटांनी नुसत्या छेडायच्या नाहीत, बाहेर ओढून सोडायच्या. तार परत येताना लाकडी पट्टीवर आपटते. सगळ्यात जाड तारेची कंपनं सेकंदाला ४१, म्हणजे जवळजवळ छातीत जाणवणारा खर्ज. आणि त्याच क्षणी लाकडाचा ‘टक्’, ज्यात हजारो हर्ट्झपर्यंतच्या कंप्रता असतात. डग्गा आणि चाट एकाच हाताने एकाच तारेवर वाजवल्यासारखं. त्यात सावलीची भर घाला. चाल मिनिटाला २०० ठोक्यांची असेल तर दोन ठोक्यांत अंतर ३०० मिलिसेकंद, अर्धं अंतर १५०. १३३ ला येणारी सावली त्या अर्ध्या जागेच्या किंचित आधी पडते. प्रत्येक ‘टक्’मागे एक फुकटचा ‘टक्’, आणि तोही जरा घाईत. तीन माणसं वाजवत असताना चार-पाच असल्यासारखी वाटतात. सगळं गाणं कुठेतरी पळत सुटल्यासारखं वाटतं, त्याचं बरंचसं कारण या घाईत असावं.

शिवाय हे सगळं एकाच वेळी, एकाच ट्रॅकवर, मोनोमध्ये. आज गायकाचा आवाज नंतर वेगळा वाढवता येतो. तेव्हा मिश्रण म्हणजे माणसं हलवणं. उघड्या जागेत माइकपासूनचं अंतर दुप्पट केलं की आवाजाची पातळी सहा डेसिबलने उतरते. गिटार जड वाटते? तिचा अँप, म्हणजे आवाज मोठा करणारी स्पीकरची पेटी, मागे सरकव. गायक ऐकू येत नाही? एक पाऊल पुढे ये. खोलीत भिंतींवरून परतणारा आवाज हा हिशेब बिघडवतो, म्हणून फिलिप्सने छत सपाट ठेवलं नाही. व्ही आकाराच्या घड्या घालून त्यावर सच्छिद्र ध्वनिशोषक टाइल्स बसवल्या. समोरासमोरच्या दोन सपाट पृष्ठभागांत आवाज चेंडूसारखा टोलवला जातो, तो या घड्यांनी विखुरतो. म्हणजे गंमत बघा: खरा प्रतिध्वनी खोलीतून हाकलायचा आणि खोटा टेपवरून आणायचा.

बिघाडाबद्दलही याच खोलीची एक गोष्ट आहे. मार्च १९५१ मध्ये आइक टर्नरचा चमू ‘रॉकेट ८८’ मुद्रित करायला आला. मेम्फिसला येता येता वाटेत गिटारवादक विली किझार्टच्या अँपला मार बसला होता. स्पीकरचा कागदी शंकू धड राहिला नव्हता. दुरुस्तीला वेळ नाही म्हणून फिलिप्सने त्यात कागद कोंबला. गिटार गुरगुरू लागली. गाणं रिदम अँड ब्लूजच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि पहिलं रॉक अँड रोल कोणतं या कधीच न मिटणाऱ्या वादात आजही त्याचं नाव येतं.

ही गुरगुर आपल्याला परकी नाही. शंकू पुढे-मागे हलताना कागदाला मधूनच टेकतो, सुटतो, पुन्हा टेकतो. त्यामुळे साध्या गोलसर लहरीची टोकं चेपली जातात आणि मूळ कंप्रतेच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे वरचे स्वरांश त्यात उगवतात. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी लावतात तेव्हाही तार घोडीच्या बाकदार पाठीला अशीच टेकत-सुटत राहते. तारेच्या ज्या बिंदूवर छेडलं तिथे एरवी गप्प राहायला हवेत असेही स्वरांश तंबोऱ्यात ऐकू येतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्येच दाखवून दिलं होतं. मिरजेचा कारागीर तासन्‌तास खपून जे जुळवतो ते किझार्टच्या अँपमध्ये अपघाताने, बरंच रांगड्या रूपात झालं. जॉनी कॅशकडेही ढोल नव्हता; त्याने गिटारच्या तारांत कागद ओवला. तारांचा सूर दबला आणि स्नेअर ड्रमसारखी खरखर उरली. १९५६ च्या ‘आय वॉक द लाइन’मध्ये ती ऐकू येते.

नोव्हेंबर १९५५ मध्ये आरसीए या बलाढ्य कंपनीने एल्व्हिसचा करार फिलिप्सकडून ३५,००० डॉलरला विकत घेतला. १० जानेवारी १९५६ ला नॅशव्हिलमध्ये पहिलं सत्र. ‘हार्टब्रेक हॉटेल’साठी ‘सन’सारखा आवाज हवा होता. आरसीएच्या तंत्रज्ञांनी इमारतीचा जिन्याकडचा बोळ वापरला. एका टोकाला स्पीकर, दुसऱ्या टोकाला माइक. निघालं काय, तर निनाद. बोळात आवाज एकाच भिंतीवरून परतत नाही. शेकडो वाटांनी, वेगवेगळ्या उशिराने येतो, आणि ती सगळी गर्दी मिळून एक लांब शेपटी होते. गायक रिकाम्या इमारतीत एकटा उभा असल्यासारखा भास झाला. त्या उदास गाण्याला तो भास इतका शोभला की तबकडी लाखोंनी खपली. पण तो ‘सन’चा आवाज नव्हे. सावली आणि शेपटी यांत फरक आहे. मराठीत प्रतिध्वनी आणि निनाद असे दोन वेगळे शब्द आहेत. इंग्रजीत संगीतवाले दोन्हीला सर्रास ‘इको’च म्हणतात, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

स्कॉटी मूरने तर १९५५ मध्येच पोटात टेपची गुंडाळी असलेला अँप घेतला होता. रे बट्स या गृहस्थाने बनवलेला ‘इकोसॉनिक’. त्यामुळे सावली त्याच्याबरोबर गावोगाव फिरू लागली. याउलट अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्समध्ये निर्माता ली हेझलवूडने ड्वेन एडीच्या गिटारसाठी सुमारे २००० गॅलनची, म्हणजे साडेसात हजार लिटरची, पाण्याची रिकामी टाकी विकत घेऊन स्टुडिओबाहेर ठेवली. आत एका बाजूला स्पीकर, दुसऱ्या बाजूला माइक. टाकीवर बसणाऱ्या पक्ष्यांना रेकॉर्डिंगआधी हुसकावून लावावं लागे.

घरी करून पाहायला टाकी लागत नाही. ध्वनिसंपादनाचं कुठलंही फुकट अ‍ॅप घ्या आणि स्वतःच्या आवाजात एक ओळ मुद्रित करा. तिची नक्कल दुसऱ्या ट्रॅकवर टाका, आवाज निम्म्याहून कमी ठेवा, वरच्या कंप्रता थोड्या छाटा, कारण टेपवरून फिरून आलेली सावली नेहमी जराशी मंद असते. मग नक्कल २० मिलिसेकंद मागे सरकवा: एकच आवाज, पण भरदार. १३३ वर न्या: मेम्फिस. टेपचा वेग निम्मा केल्यावर जे होतं ते पाहायला २६७ वर न्या. सावली आता शब्दापासून सुटते आणि मागे कुणीतरी दुसराच माणूस आपली नक्कल करतोय असं वाटायला लागतं. तिथून पुढे सरकवत राहिलात, आणि नकलेच्याही नकला जोडल्यात, तर वधूपक्षाच्या पाहुण्यांनी जेवून घ्यावं ही विनंती तेवढी करायची राहते.