आइसक्रीम म्हणून वाढलेला मासा

सिनेमाच्या ट्रेलरचा विषय निघाला की मला इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातला एक प्रयोग आठवतो. तो २००८ साली प्रसिद्ध झाला आणि त्याचा सिनेमाशी काही संबंध नव्हता. मार्टिन योमन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्यांत हेस्टन ब्लूमेंथल हे नावाजलेले शेफही होते, धुरी दिलेल्या सामन माशाचं आइसक्रीम लोकांना चाखायला दिलं. पदार्थ सगळ्यांना एकच. काहींना सांगितलं की हे आइसक्रीम आहे, काहींना सांगितलं की हे गोठवलेलं खारं मूस, म्हणजे एक हलका, फेसाळ पदार्थ, आहे. आइसक्रीम समजून ज्यांनी पहिला चमचा तोंडात घातला, त्यांना ते अगदी नकोसं झालं. शिवाय त्यांना ते जास्त खारटही लागलं. काहीतरी खारं येणार हे ज्यांना ठाऊक होतं, त्यांची तक्रार नव्हती. वाडग्यात मीठ मात्र तेवढंच होतं.

आता २००७ चा ‘ब्रिज टू टेराबिथिया’ घ्या. ट्रेलरमध्ये जादूचं जंगल, झाडाएवढे राक्षस, चित्रविचित्र प्राणी, आणि ओढ्यावरून दोराला लोंबकळत पलीकडे झेपावणारी दोन मुलं. पाहणाऱ्याला वाटतं, आता मोठी साहसकथा सुरू होणार. प्रत्यक्षात ते राज्य मुलांच्या कल्पनेतलं आहे आणि त्याला सिनेमात थोडीच जागा आहे. ही गोष्ट मैत्रीची आहे. आणि पुढे एके दिवशी तो दोर तुटतो, लेस्ली ही मुलगी बुडून मरते, आणि उरलेला वेळ मागे राहिलेल्या मुलाच्या दुःखाचा आहे. कॅथरिन पॅटर्सन यांनी १९७७ साली ही कादंबरी लिहिली, ती त्यांच्या मुलाची लहानगी मैत्रीण वीज पडून गेल्यानंतर. ज्यांनी कादंबरी वाचली होती ते तयारीने आले. ट्रेलर पाहून आलेले मुलांना मजेसाठी घेऊन आले.

माझ्या बहिणीनेही तो असाच, जादूचा सिनेमा म्हणून, मुलीला दाखवला. मी शेजारीच बसलो होतो. लेस्ली गेल्याचं कळलं तेव्हा माझी आठ वर्षांची भाची रडली नाही. ती शांतपणे वाट पाहत राहिली. थोड्या वेळाने तिने मला विचारलं, “मामा, ती परत कधी येणार?” जादूच्या गोष्टीत मेलेलं माणूस परत येतं, हा नियम तिला पाठ होता. ती त्या नियमानेच सिनेमा पाहत होती. पडद्यावर एक मुलगा शोक करत होता आणि माझी भाची कोणता मंत्र लागू पडेल याचा विचार करत होती. शेवटी नावं सुरू झाली तेव्हा तिला कळलं, आणि मग मात्र ती आवरेना.

त्या दिवसापासून मला एक गोष्ट पटली आहे. सिनेमा कोणत्या जातीचा आहे, म्हणजे भयपट की विनोदी की साहसकथा, ही त्याच्याबद्दलची नुसती माहिती नसते. आपण जे पाहतो त्याचा अर्थ लावण्याचं ते हत्यारच असतं. रात्री रिकाम्या घरात दार करकरलं, तर भयपटात आपण श्वास रोखतो आणि विनोदी सिनेमात हसायच्या तयारीला लागतो. दार तेच.

हे मेंदूतही दिसतं. प्रिन्स्टन विद्यापीठात उरी हॅसन यांच्या प्रयोगशाळेतलं एक संशोधन २०१७ साली प्रसिद्ध झालं. जे. डी. सॅलिंजर यांच्या एका लघुकथेचं ध्वनिमुद्रण लोकांना स्कॅनरमध्ये झोपवून ऐकवलं. कथेत एक माणूस रात्री उशिरा मित्राला फोन करतो, कारण बायको अजून घरी आलेली नाही. मित्राच्या शेजारी त्या वेळी एक बाई आहे. ऐकण्याआधी एका गटाला सांगितलं की बायको नवऱ्याला फसवते आहे आणि मित्राजवळची बाई म्हणजे तीच. दुसऱ्या गटाला सांगितलं की नवरा उगीच संशयी आहे, ती बाई मित्राची प्रेयसी आहे. पुढची कथा शब्दन् शब्द सारखी. नुसता आवाज टिपणाऱ्या भागांत दोन्ही गटांचे मेंदू सारखे चालले. अर्थ लावणाऱ्या वरच्या भागांत मात्र ते वेगळे झाले, इतके की स्कॅन पाहून हा ऐकणारा कोणत्या गटातला हे ओळखता येत होतं. दोन-चार ओळींच्या प्रस्तावनेने एवढं होत असेल, तर दोन मिनिटांचा ट्रेलर, तोही मोठ्या पडद्यावर आणि पुन्हा पुन्हा पाहिलेला, काय करत असेल?

ट्रेलर कापणाऱ्याच्या हातात दोन मोठी साधनं असतात. पहिलं म्हणजे जोडणी. साधारण शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशॉव्ह या दिग्दर्शकाने एका नटाच्या निर्विकार चेहऱ्याचा तोच तुकडा कधी सूपच्या वाडग्याला, कधी शवपेटीतल्या मुलाला, कधी एका स्त्रीला जोडला, आणि लोकांना त्याच चेहऱ्यावर भूक, दुःख, अभिलाषा दिसली, असं सांगितलं जातं. मूळ फिल्म आज उपलब्ध नाही. १९९२ साली अमेरिकेत हा प्रयोग पुन्हा केला तेव्हा तसा परिणाम आढळला नाही. पण २००६ साली लंडनमध्ये मेंदूच्या स्कॅनसह केलेल्या अभ्यासात संदर्भ बदलला की चेहऱ्यातले भाव वेगळे वाचले जातात, हे दिसलं. म्हणजे दंतकथा थोडी फुगवलेली असेल, पण निराधार नाही.

दुसरं साधन संगीत, आणि माझ्या मते हेच जास्त जबर. १९८८ साली सँड्रा मार्शल आणि अ‍ॅनाबेल कोहेन यांनी एक साधं चलच्चित्र घेतलं. त्यात मोठा त्रिकोण, छोटा त्रिकोण आणि एक वर्तुळ, एवढीच पात्रं. संगीत बदललं की लोकांना त्या आकृत्यांचा स्वभावही बदललेला वाटला. पुढे मॅरिलिन बोल्ट्झ यांनी २००१ साली दाखवलं की दोन अर्थ निघू शकतील अशा दृश्यांना भयावह संगीत दिलं की प्रेक्षक पुढे वाईट घडणार असं धरून चालतात, आणि नंतर त्यांना दृश्यातल्या त्या भावनेशी जुळणाऱ्या वस्तूच जास्त आठवतात. म्हणजे संगीत आठवणीतही ढवळाढवळ करतं. डॅनियल ब्लूमस्टीन हे तर प्राणिशास्त्रज्ञ. ते कोलोरॅडोच्या डोंगरात मार्मट या खारीच्या कुळातल्या प्राण्यांचा अभ्यास करतात. पकडलेली पिल्लं किंचाळतात तेव्हा त्यांचा आवाज फाटतो, खरखरतो, हे त्यांनी ऐकलं होतं. २०१० साली त्यांनी १०२ चित्रपटांतली दृश्यं तपासली. भयपटांत तसेच खरखरीत आवाज आणि किंचाळ्या अपेक्षेपेक्षा जास्त सापडल्या, तर भावनाप्रधान सिनेमांत खरखर मुद्दाम कमी ठेवलेली दिसली. आपल्या कानाची ही सवय इतकी जुनी आहे.

दोन्ही साधनं एकत्र आली की काय होतं, हे २००५ साली न्यूयॉर्कच्या एका तरुण संकलकाने दाखवून दिलं. स्पर्धेचा विषय होता, जुन्या सिनेमाचा ट्रेलर वेगळ्याच जातीचा करा. त्याने ‘द शायनिंग’ हा भयपट निवडला. बर्फात अडकलेलं हॉटेल, कुऱ्हाड घेऊन बायकोमुलाच्या मागे लागलेला बाप. पण त्याने बापाने मुलाला जवळ घेतल्याचे, हसण्याचे तुकडे वेचले, खेळकर निवेदन घातलं आणि शेवटी पीटर गॅब्रिएलचं प्रसन्न गाणं लावलं. पाहताना खात्री पटते की बापलेकाचं नातं जुळण्याचा हा गोड कौटुंबिक सिनेमा आहे. चित्रांत खोटं असं काहीच नाही, सगळी मूळ सिनेमातलीच आहेत. तुम्हीही करून पाहा. एखाद्या ट्रेलरचा आवाज बंद करा आणि शेजारच्या फोनवर एखादं बडबडगीत लावा.

मग निर्माते ट्रेलरमध्ये सिनेमाची खरी जात का लपवतात? कारण ट्रेलरची परीक्षा पहिल्या शनिवार-रविवारी होते. आपल्याकडे गाणी ट्रेलरमध्ये सगळ्यांत पुढे असतात. हॉलिवूडमध्ये उलट आहे. तिथे संगीत-चित्रपट म्हटलं की एक मोठा प्रेक्षकवर्ग मागे हटतो. म्हणून २००७ च्या ‘स्वीनी टॉड’च्या ट्रेलरमध्ये गाणं जवळपास नव्हतं, २०२३ च्या ‘वोंका’चंही तसंच झालं, आणि २०२४ च्या ‘मीन गर्ल्स’बाबत तर स्टुडिओच्या अधिकाऱ्यांनी मुलाखतीत उघडच सांगितलं की हा संगीत-चित्रपट आहे असं त्यांना ठळकपणे सांगायचं नव्हतं.

बिल नंतर येतं. सिनेमास्कोर ही अमेरिकन संस्था १९७९ पासून प्रदर्शनाच्या पहिल्या रात्रीच्या प्रेक्षकांकडून ए ते एफ अशी श्रेणी घेते. २०११ चा ‘ड्राइव्ह’ कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा पुरस्कार घेऊन आला. तो संथ, मिताक्षरी सिनेमा आहे, पण जाहिरात गाड्यांच्या पाठलागपटाची झाली. प्रेक्षकांनी त्याला सी उणे दिले. मिशिगनमध्ये एक प्रेक्षक कोर्टातही गेली. भुताच्या घराचा म्हणून विकलेला आणि आतून रूपककथा निघालेला ‘मदर!’ २०१७ साली एफ घेऊन बसला. दोन्ही सिनेमे मला मोलाचे वाटतात, म्हणून हे जास्त लागतं. मासा चांगला होता.

आपल्याकडे कोर्टात गेलेलं प्रकरण मराठवाड्यातलं आहे. ‘फॅन’ (२०१६) च्या जाहिरातीतलं गाणं सिनेमात नाही म्हणून एका प्रेक्षक महिलेने ग्राहक मंचाकडे दाद मागितली. राज्य आयोगाने १०,००० रुपये भरपाई आणि ५,००० रुपये खर्च मंजूर केला, राष्ट्रीय आयोगाने तो कायम ठेवला. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे निकाल रद्द केले. न्यायालय म्हणालं की ट्रेलर हा करारातला प्रस्ताव नव्हे, तो तिकीट घ्यायला उत्तेजन देण्यापुरता असतो. कायद्याच्या अंगाने हे बरोबर असेलही. पण गाळलेलं एक गाणं आणि लपवलेली सिनेमाची जात यांत मला मोठा फरक दिसतो. गाणं नसलं तर काहीतरी कमी पडतं. जात लपवली तर सगळाच सिनेमा चुकीचा पाहिला जातो.

कथा लपवायला माझी मुळीच हरकत नाही. नाट्यशास्त्रात पूर्वरंगातली प्ररोचना हेच तर करते, प्रेक्षकाला नाटकाकडे ओढते. तमाशात गण, गवळण, बतावणी, मग वग, हा क्रम ठरलेला, म्हणून वगात काय घडणार हे ठाऊक नसलं तरी बसण्याची पद्धत ठाऊक असते. १९६० साली दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकने आपल्या ‘सायको’ या भयपटाचा ट्रेलर केला तो सहा मिनिटांहून लांब आहे. हिचकॉक स्वतः मोटेल आणि शेजारचं घर दाखवत फिरतो, इथे जिन्यावर काय झालं, तिथे काय सापडलं, असं अर्धवट सांगत जातो. शेवटी न्हाणीघरात येतो, पडदा ओढतो आणि एक स्त्री किंचाळते. कोणाचा खून, खरा खुनी कोण, का केला, हे काही फुटत नाही. तरी सिनेमा कोणत्या जातीचा, हे पहिल्याच मिनिटात समोर असतं.