मेक्सिकोच्या आखातात सूत्रे कोणाकडे होती?
२०१० मध्ये ‘डीपवॉटर होरायझन’ या समुद्रात तेलविहीर खोदणाऱ्या तरंगत्या मंचावर स्फोट होऊन तेलगळती सुरू झाली, तेव्हा अमेरिकी सरकारने सारे बीपी या तेल कंपनीवर सोपवून हात झटकले, असे आजही सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. १९९० च्या तेलप्रदूषण कायद्यानुसार सफाईचा खर्च कंपनीने सोसायचा आणि कामाचे निर्देशन सरकारने करायचे असते. मात्र सुमारे १,५०० मीटर खोल पाण्यात चालणारी यंत्रे सरकारकडे नव्हतीच, ती तेल उद्योगाकडे होती. त्यामुळे पडद्यावर कंपनीचीच माणसे दिसत राहिली आणि गैरसमज, माझ्या मते, तिथूनच पसरला. १५ जुलैला तेलविहिरीवर झाकण बसून गळती थांबल्यावरही विहिरीच्या दाबाची चाचणी चोवीस-चोवीस तासांनी पुढे वाढवण्याची परवानगी सरकारचे मोहीमप्रमुख ॲडमिरल थॅड ॲलन हेच देत होते.