कोयरीला आपलं नाव देणारं गाव

ग्लासगो विमानतळावर उतरणारा प्रवासी ग्लासगोत उतरतच नाही. धावपट्टी आहे रेनफ्र्यूशरमध्ये, पेझली गावाच्या उत्तरेला. या जागेचं जुनं नाव ॲबट्सइंच, म्हणजे मठाधिपतीची नदीकाठची जमीन. 1966 साली विमानतळ इथे आला आणि त्याला नाव मिळालं ते शेजारच्या मोठ्या शहराचं. मठ ज्या गावात होता ते पेझली, ग्लासगोच्या मध्यापासून जेमतेम 11 किलोमीटरवर. आगगाडीने दहा-बारा मिनिटं.

या गावाचं नाव आपल्याकडे मात्र कपड्याच्या दुकानात कानावर पडतं. आईने ज्याला आयुष्यभर कोयरी म्हटलं, त्याला विक्रेता ‘पेझली प्रिंट’ म्हणतो. रांगोळीत, मेंदीत, साडीच्या पदरावर, हळदीकुंकवाच्या करंड्याच्या आकारात असलेली ही आपली कोयरी इंग्रजीत एका स्कॉटिश गावाच्या नावावर जमा कशी झाली, हे बघायचं तर सुरुवात शालींच्याही बरीच आधी करावी लागते.

1163 साली वॉल्टर फिट्झॲलन या सरदाराने इथल्या मठासाठी दान दिलं. इंग्लंडमधल्या वेनलॉकहून क्लूनी या ख्रिस्ती पंथाचे साधू आले आणि व्हाइट कार्ट नदीच्या काठी मठ उभा राहिला. वॉल्टर हा स्कॉटलंडच्या राजाचा ‘हाय स्टुअर्ड’, म्हणजे राजवाड्याचा मुख्य कारभारी. हे पद घराण्यात वंशपरंपरेने चालत राहिलं आणि पुढे तेच आडनाव झालं. आपल्याकडे फडणीस, चिटणीस, पोतनीस झाले, तसे तिकडे स्टुअर्ट. याच घराण्यातल्या एका वॉल्टरशी रॉबर्ट ब्रूस राजाची मुलगी मार्जरी हिचं लग्न झालं. 1316च्या सुमारास गरोदर असताना ती पेझलीजवळ घोड्यावरून पडली, तिला मठात आणलं, मूल वाचलं आणि ती गेली, असं परंपरा सांगते. ते मूल 1371 मध्ये दुसरा रॉबर्ट म्हणून गादीवर बसलं. 1603 पासून स्टुअर्ट इंग्लंडचेही राजे झाले. कारभाऱ्याच्या वंशजांनी दोन राज्यं मिळवली, पण त्यांचं मूळ गाव गावच राहिलं.

दोऱ्याची गोष्ट सुरू होते ती मात्र एका भयंकर प्रकरणातून. 1696 मध्ये जवळच्या बारगॅरनच्या जमीनदाराची अकरा वर्षांची मुलगी, क्रिस्चन शॉ, झटके येऊन पडू लागली. तोंडातून टाचण्या, कोळसे निघतात असं सांगितलं जाऊ लागलं. आपल्यावर कुणीकुणी करणी केली त्यांची नावं तिने घेतली. खटला चालला आणि सात जणांना मृत्युदंड झाला. त्यातल्या एकाने तुरुंगातच गळफास घेतला. 10 जून 1697 रोजी पेझलीच्या गॅलो ग्रीनवर उरलेल्यांना फाशी देऊन मृतदेह जाळले गेले. राख जिथे पुरली असं मानतात, तिथे मॅक्सवेल्टनच्या चौकात रस्त्यात घोड्याचा नाल बसवलेला आहे.

हीच क्रिस्चन शॉ मोठी झाल्यावर घरी बारीक, पीळदार लिननचा दोरा काढू लागली. हॉलंडमधलं पीळ देण्याचं तंत्र तिने आणवलं असं म्हणतात. ‘बारगॅरन दोरा’ 1720च्या दशकात नावाजला गेला, आजूबाजूच्यांनी नक्कल केली, आणि पेझली परगण्यात दोऱ्याचा धंदा रुजला. माणसं मेली ती मेली, ती मुलगी उद्योजिका झाली. इतिहासाला लाज नसते, एवढंच म्हणता येतं.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पेझली हातमागांचं गाव झालं. लिनन, मलमल, मग रेशमी जाळीदार गॉझ. विणकर घरच्या मागावर बसत, स्वतःच्या वेळेचे मालक असत, आणि भरपूर वाचत. त्यांच्यातून कवी निघाले. रॉबर्ट टॅनाहिल हा त्यांतला सर्वांत लाडका. 1810 साली त्याने पाण्यात जीव दिला. दुसरा अलेक्झांडर विल्सन. त्याने एका गिरणीमालकाची टर उडवणारी कविता लिहिली आणि ती छापू नये म्हणून मालकाकडे पैसे मागितले. कोर्टाने त्याला तुरुंगात घातलं आणि ती कविता भर गावात स्वतःच्या हाताने जाळायला लावली. तो 1794 मध्ये अमेरिकेला निघून गेला, पक्षी पाहू लागला, चितारू लागला, आणि अमेरिकन पक्षिशास्त्राचा जनक ठरला.

मग शाली आल्या. काश्मिरी शाल हिंदुस्थानात राजदरबाराच्या मानाची चीज होतीच; पेशवाईत सन्मान म्हणजे शालजोडी, आणि ‘शालजोडीतले’ हा शब्द आपण आजही मारतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसांनी या शाली मायदेशी नेल्या, नेपोलियनच्या सैन्याने इजिप्तमधून फ्रान्सला नेल्या, आणि युरोपातल्या श्रीमंत बायकांना त्यांचं वेड लागलं. पण खरी कनी शाल, म्हणजे लाकडी काड्यांनी विणलेली काश्मिरी शाल, विणायला एकेक वर्ष आणि कधी त्याहून जास्त लागे, किंमतही तशीच. तेव्हा नक्कल सुरू झाली. आधी एडिंबरा आणि नॉरिच इथे, आणि 1805च्या सुमारास पेझलीत. पेझली उशिरा आलं आणि सगळ्यांच्या पुढे गेलं. लंडनच्या गोदीत नव्या काश्मिरी शाली उतरल्या की तिथेच नक्षी उतरवून घ्यायची आणि गावात तिची स्वस्त आवृत्ती विणायची, असा धंदाच बसला.

शाली समोरून सारख्या दिसल्या तरी विणण्याची रीत वेगळी होती. काश्मीरमध्ये प्रत्येक रंगाचा धागा छोट्या लाकडी काडीवर गुंडाळलेला असतो, आणि तो रंग जिथे हवा तिथेच फिरून माघारी येतो. पेझलीत रंगीत आडवा धागा शालीच्या पूर्ण रुंदीभर जाई. नक्षीत नको तिथे पाठीमागे लोंबकळे, आणि तयार शालीच्या पाठीवरून ते लोंबते धागे कापून टाकत. मागाजवळ एक पोरगा बसवलेला असे. नक्षीप्रमाणे दोऱ्या ओढणं हे त्याचं काम. नंतर जकार माग आला, भोक पाडलेल्या पुठ्ठ्यांनी तेच काम केलं आणि पोरांची गरज संपली.

ही चोरी होती का? होती, असं माझं मत आहे. काश्मिरात या आकृतीला बुटा म्हणतात, इराणात बोते, आपल्याकडे कोयरी. ज्या गावाने तिची नुसती नक्कल केली त्याचंच नाव जगाने तिला दिलं. पण चोरीचा माल कुणाच्या घरात गेला हेही पाहायला हवं. तो विणकराच्या घरात गेला नाही.

पेझलीत मालकाला ‘कॉर्क’ म्हणत. सूत आणि नक्षी कॉर्ककडून यायची आणि शाल तयार झाली की मजुरी आडव्या धाग्यांच्या फेऱ्यांवर मोजली जायची. मोजायच्या त्या रंगीत फेऱ्या. पण नक्षीच्या फेऱ्यांमध्ये एक साधा, बारीक, बिनरंगी धागाही घालावा लागे. तो शालीत कुठेही दिसत नसे, आणि तो नसला तर शाल उसवून हातात येई. या धाग्याला विणकर ‘स्मा शॉट’ म्हणत, म्हणजे बारीक फेरी. दिसत नाही त्याचे पैसे नाहीत, असा कॉर्क मंडळींचा हिशोब. विणकर म्हणायचे, फेरी आम्ही घातली, सूतही गेलं, वेळही गेला. हा वाद वर्षानुवर्षं चालला आणि अखेर 1856 मध्ये मालक नमले. बारीक फेरीचेही पैसे दराच्या तक्त्यात आले. जुलैचा पहिला शनिवार विणकरांनी सुट्टीचा ठरवला.

त्याआधी गावाने वाईट काळ पाहिला होता. 1841 ते 1843 या मंदीत कारखानदारांपैकी अर्ध्याहून जास्त बुडाले, हजारो लोक मदतीच्या अन्नावर जगले, खुद्द गावाची नगरपालिका दिवाळखोर झाली. 1842 मध्ये राणी व्हिक्टोरियाने पेझलीच्या शाली विकत घेतल्या, म्हणजे फॅशन टिकावी. ती टिकलीही, पण फार तर तीस वर्षं. झग्याचा मोठा घेर होता तोवर त्यावर मोठी शाल शोभत होती. 1870च्या सुमारास घेर जाऊन मागे फुगा काढायची पद्धत आली आणि शाल तो फुगा झाकू लागली. छापील स्वस्त शालींनी उरलंसुरलं मोल घालवलं. त्याच वेळी, 1870-71च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात काश्मिरी शालीचं फ्रान्समधलं गिऱ्हाईक गेलं, आणि 1877-79च्या दुष्काळात काश्मीरचे विणकर मेले, परागंदा झाले. नक्कल करणारे आणि ज्यांची नक्कल झाली ते, दोघेही एकाच दशकात बसले.

पेझली तरी तगलं, कारण क्रिस्चन शॉचा दोरा अजून गावात होता. 1806च्या सुमारास नेपोलियनच्या नाकेबंदीने मागाला लागणारा रेशमी दोरा मिळेना, तेव्हा पॅट्रिक क्लार्कने तितकाच गुळगुळीत, मजबूत सुती दोरा तयार केला. मग लक्षात आलं की याने शिवताही येतं. क्लार्क कुटुंबाची अँकर मिल, कोट्स कुटुंबाची फर्ग्युस्ली मिल, अशा दोन दोरा-गिरण्या गावाच्या दोन बाजूंना वाढल्या. घरोघर शिवणयंत्रं पोचली तशी दोऱ्याची मागणी बेसुमार झाली. 1896 मध्ये दोन्ही घराणी एका कंपनीखाली आली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जे. अँड पी. कोट्स जगातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी एक होती. गिरणीत बहुतेक बायका आणि मुली. कोट्स आणि क्लार्क यांनी गावाला संग्रहालय दिलं, वेधशाळा दिली, टाऊन हॉल दिला, कॅथेड्रल वाटावं एवढं चर्च दिलं. गावकरी आजही त्याबद्दल कृतज्ञतेने बोलतात. मला त्या इमारती बघताना स्मा शॉट आठवतो.

या दोऱ्याचं टोक आपल्यापर्यंत आलं आहे. मदुराईच्या हार्वी गिरण्या आणि कोट्सचा भारतातला धंदा 1974 मध्ये एक होऊन मदुरा कोट्स झाली. भरतकाम करणाऱ्या बायका ‘अँकर’च्या लड्या मागतात, तो नांगर क्लार्कच्या पेझलीतला.

कायद्याच्या विद्यार्थ्यांना पेझली माहीत असतं ते वेगळ्याच कारणाने. 26 ऑगस्ट 1928 रोजी ग्लासगोत राहणाऱ्या मे डोनोह्यू या बाई पेझलीतल्या वेलमेडो कॅफेत गेल्या. मैत्रिणीने त्यांच्यासाठी जिंजर बियर मागवली. बाटली गडद रंगाची. अर्धी प्यायल्यावर उरलेल्यात कुजलेली गोगलगाय निघाली, असा त्यांचा दावा. पैसे मैत्रिणीने दिलेले, म्हणजे बाईंचा कुणाशीच करार नाही. मग दाद कुणाकडे मागायची? 1932 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वांत वरच्या कोर्टाने, तीन विरुद्ध दोन मतांनी ठरवलं की माल बनवणाऱ्यावर तो वापरणाऱ्याची काळजी घेण्याची जबाबदारी असते. ‘शेजारी कोण’, म्हणजे आपण कुणाकुणाची काळजी घ्यायची, याची न्यायाधीश लॉर्ड ॲटकिन यांनी दिलेली व्याख्या आपल्याकडच्या लॉ कॉलेजांतही घोकली जाते. बाटलीत खरोखर गोगलगाय होती का, हे मात्र कोर्टात कधी सिद्ध करायची वेळच आली नाही. पुढे आपसात मिटलं.

त्याच सुमारास, 31 डिसेंबर 1929च्या दुपारी, ग्लेन सिनेमात मुलांचा खेळ चालू असताना फिल्मच्या डब्यातून धूर निघाला. मुलं बाहेर पडायच्या दाराकडे धावली, दार उघडलं नाही. 71 मुलं चेंगरून आणि गुदमरून गेली. त्यानंतर चित्रपटगृहांची दारं आणि सुरक्षा यांचे नियम बदलले. वर्षअखेर हा स्कॉटलंडचा सर्वांत मोठा सण. पेझलीत कित्येक घरांत तो त्यानंतर तसा कधी झाला नाही.

ग्लासगो या काळात पसरतच होतं. 1912 मध्ये गोव्हन आणि पार्टिक ही स्वतंत्र गावं त्याने पोटात घेतली. पेझली वाचलं, कारण त्याच्याकडे स्वतःचे उद्योग, स्वतःची नगरपालिका आणि पुरेसा हट्ट होता. उद्योग पुढे गेले. जवळच्या लिनवूडला 1963 मध्ये मोटारींचा कारखाना आला आणि 1981 मध्ये बंद पडला; अँकर मिलचं काम 1993 मध्ये थांबलं. फर्ग्युस्ली गिरणीच्या नावाची वस्ती, फर्ग्युस्ली पार्क, 2012 आणि 2016च्या सरकारी निर्देशांकांत स्कॉटलंडमधली सर्वांत वंचित वस्ती ठरली. 1999 मध्ये जवळच ब्रेहेडचा मोठा मॉल उघडला आणि हाय स्ट्रीटवरची दुकानं ओस पडू लागली.

हट्ट मात्र शिल्लक आहे. स्टर्लिंग, पर्थ, डनफर्मलिन या पेझलीहून लहान गावांना 2002 ते 2022 या काळात शहराचा दर्जा मिळाला. 75 हजारांच्या वर वस्तीचं पेझली अजून कागदावर गावच. 2021च्या ‘संस्कृतीचं शहर’ या किताबासाठी त्याने जोर लावला, तो 2017 मध्ये कॉव्हेंट्रीकडे गेला. पेझलीचा माणूस स्वतःला ‘बडी’ म्हणवतो, आणि ग्लासगोचे का असं विचारलं तर ताबडतोब दुरुस्ती करतो.

स्मा शॉटची सुट्टी मधल्या काळात विसरली गेली होती, ती 1980च्या दशकात पुन्हा सुरू झाली. जुलैच्या पहिल्या शनिवारी चार्ल्सटन मोहल्ल्याचा जुना ढोल वाजवत मिरवणूक निघते, आणि शेवटी कॉर्कचा पुतळा जाळतात.