नेमसर्व्हर बदलण्याआधी डीएस काढा

(आमच्याकडे डोमेन किंवा होस्टिंग असलेल्या ग्राहकांसाठी)

"नवा वेबसाइटवाला म्हणतो पाच मिनिटांचं काम आहे, तुम्ही दोन दिवस का थांबवता?" जळगाव-भुसावळपासून शहाद्यापर्यंत सगळीकडून हाच फोन येतो, म्हणून एकदा नीट लिहून देत आहोत. नेमसर्व्हर (तुमच्या डोमेनचा पत्ता जगाला सांगणारे सर्व्हर) बदलायला पाच मिनिटेच लागतात हे खरे आहे. वेळ लागतो तो त्याआधी जुना डीएस रेकॉर्ड, म्हणजे डोमेनच्या सहीची नोंद, विरायला.

तुमच्या झोनवर (डोमेनच्या सगळ्या नोंदींवर) डीएनएसेकची, म्हणजे नोंदी खऱ्या असल्याची खात्री देणारी, सही असते. सही करणारी खासगी की आमच्या सर्व्हरवर राहते आणि तिच्या जोडीच्या सार्वजनिक कीचा ठसा, म्हणजे डीएस, रजिस्ट्रारमार्फत (डोमेन नोंदवून देणारी कंपनी) डॉट कॉम किंवा डॉट इनच्या रजिस्ट्रीत नोंदवलेला असतो. बँकेतल्या सहीच्या नमुन्यासारखेच हे. नमुना एकाचा आणि चेकवर सही दुसऱ्याची असली की चेक परत येतो. नेमसर्व्हर नव्या कंपनीचे आणि डीएस मात्र आमचाच राहिला, तर सही तपासणारा रिझॉल्व्हर (गिऱ्हाइकाच्या बाजूने डोमेनचा पत्ता शोधणारा सर्व्हर) उत्तर नाकारतो आणि 'सर्व्हफेल' ही त्रुटी देतो.

हा दोष ओळखण्यातच फार वेळ जातो, कारण साइट सगळीकडे एकदम बंद पडत नाही. गुगलचा ८.८.८.८ आणि क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ सही तपासतात, काही रिझॉल्व्हर तपासत नाहीत. मग दुकानातल्या वाय-फायवर साइट उघडते, मुंबईच्या पार्टीकडे उघडत नाही. केळीच्या गाड्या भरायच्या दिवसांत रावेरच्या व्यापाऱ्याचे मेल अडकतात, आखाजीच्या आठवड्यात सराफाच्या साइटवर गिऱ्हाइकाला भाव दिसत नाही, आणि सगळे होस्टिंगमध्ये दोष शोधत बसतात. होस्टिंगला काहीच झालेले नसते. आम्ही 'डिग' ही डोमेनची नोंद विचारणारी कमांड दोनदा चालवतो, एकदा साधी आणि एकदा सही न तपासता. दुसऱ्या वेळीच उत्तर आले, तर दोष डीएनएसेकचा.

म्हणून क्रम असा धरा. आधी रजिस्ट्रारच्या पॅनेलमधून डीएस काढा आणि दुसरे काहीही बदलू नका. डॉट कॉमच्या डीएसचा टीटीएल (नोंद साठवून ठेवण्याची मुदत) ८६,४०० सेकंद, म्हणजे एक दिवस; तेवढा वेळ जगभरचे रिझॉल्व्हर जुना डीएस धरून बसू शकतात. पॅनेलमधला बदल रजिस्ट्रीत पोचायलाही वेळ जातो, म्हणून आम्ही दोन दिवस मागतो. या काळात साइट आणि मेल नेहमीसारखे चालू राहतात. त्यानंतर नेमसर्व्हर बदला. आमच्याकडची झोन मात्र त्याच दिवशी बंद करायला सांगू नका, कारण डॉट कॉमच्या नेमसर्व्हर नोंदी १,७२,८०० सेकंद, म्हणजे दोन दिवस टिकतात. शेवटी नव्या कंपनीकडून नवा डीएस घेऊन भरा: की टॅग, अल्गोरिदम (बहुधा १३), डायजेस्ट प्रकार २ आणि ६४ अक्षरांचा डायजेस्ट. हा हाताने टाइप करू नका, कॉपीच करा.

चूक झालीच असेल, तर डीएस ताबडतोब काढा. गुगल आणि क्लाउडफ्लेअरच्या पानांवर आपल्या डोमेनची कॅश (साठवलेली जुनी उत्तरे) रिकामी करता येते. बाकीच्यांसाठी थांबण्याला पर्याय नाही.

"मग डीएनएसेक बंदच ठेवा ना" असेही काही जण म्हणतात. आम्ही ठेवत नाही. वाटेत कोणी खोटे उत्तर घुसवून तुमच्या गिऱ्हाइकाला बनावट साइटवर नेऊ नये, यासाठी ही सही आहे. मेलचा पासवर्ड चोरीला गेला तर ती वाचवू शकत नाही, त्याची काळजी वेगळी घ्यावी लागते.

झोन फाइल स्वतः हाताळणाऱ्यांनी दोनच गोष्टी पाहाव्यात. एमएक्ससमोर (मेल कुठे पोचवायचा ती नोंद) पूर्ण नाव लिहिल्यावर शेवटचा टिंब द्यायचा राहून गेला, की मेल.दुकान.इन चे मेल.दुकान.इन.दुकान.इन होते. आणि सीरियल (फाइलचा आवृत्ती क्रमांक) वाढवला नाही, तर दुय्यम नेमसर्व्हर जुनीच फाइल दाखवत राहतो.

वार्षिक करार असलेल्या ग्राहकांचे स्थलांतर, दुसऱ्या कंपनीकडे जात असाल तरीही, आम्ही वेगळे पैसे न घेता करून देतो. नव्या वेबसाइटवाल्याला आमच्याशी थेट बोलायला सांगा. रजिस्ट्रारचा पासवर्ड आम्हाला देऊ नका, तो मालकाकडेच असावा. पॅनेल उघडून फोन करा, कुठे काय दाबायचे ते आम्ही सांगतो. अडचण आलीच तर डोमेनचे नाव, त्रुटीचा फोटो आणि कोणत्या कंपनीच्या नेटवर साइट उघडत नाही, एवढे व्हॉट्सॲपवर पाठवा.